कणकेतली मूठ

संपादकांनी फोनवर विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम करत होता?" मी म्हटलं, "गोल वस्तूंना कपडे शिवत होतो." ते हसले आणि म्हणाले, तेच लिहून पाठवा. आता माझा आणि लिहिण्याचा संबंध दुकानाच्या पाटीपुरता. शिवताना दोन्ही हातांत सुया असतात; लिहिताना एक हात उगाच बसून राहतो आणि मला त्याची दया येते. तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तोंडानं ती सांगता आली नाही, म्हणून लिहितो.

यवतमाळात आर्णी रोडला माझं टिनाचं शेड होतं. सीट कव्हर, हूड, कुशन असं सगळं करायचो, पण जीव रमायचा तो स्टिअरिंगमध्ये. मी आर्णीकडच्या एका तांड्यातला. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर पायपीट केली. मी मात्र सगळं आयुष्य एका स्टुलावर बसून लोकांच्या गाड्या नटवल्या आणि संध्याकाळी सायकलनं घरी गेलो. आमची याडी, म्हणजे आई, घागऱ्यावर आरसे टाकायची. तिचा टाका उलट्या बाजूनंही सरळ दिसायचा. मी तिच्याकडून तेवढंच उचललं. गिऱ्हाईक म्हणायचं, उलटी बाजू कोण पाहते? मी म्हणायचो, बोटं पाहतात.

तुम्ही कधी जुन्या गाडीचं स्टिअरिंग धरलं आहे का? परातीएवढं मोठं असतं आणि त्याची कडा असते बोटाएवढी बारीक. तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं. चाक मोठं असलं की कमी जोरात वळतं, म्हणून ते मोठं. पण बारीक कडा धरली की मुठीत पोकळी राहते. ती पोकळी भरायला माणूस नकळत आवळत जातो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. त्यात आमच्याकडचं ऊन. मे महिन्यात उभी गाडी उघडावी तर स्टिअरिंगला हात लावायची सोय नसते. वरचं टणक प्लास्टिक तडकतं, भेगांमध्ये घाम आणि मळ बसतो, आणि भेग रोज थोडी थोडी तळहात खात राहते.

मी आधी ते सोड्याच्या पाण्यानं धुवायचो. कितीतरी वर्षांचा घाम काळा होऊन वाहून जायचा. मग भेगा करवतीच्या पात्यानं जरा रुंद करायच्या, त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची. त्यावर रबराचा पातळ थर. त्यावर बकरीचं मऊ कातडं, ओलं करून ताणलेलं. मग दोन सुया, मेण लावलेला दोरा, आणि शिवण आतल्या कडेला, म्हणजे तळव्याला कळत नाही. ओलं कातडं रात्रभरात आकसतं आणि सकाळी स्टिअरिंगला असं बसतं की जणू ते त्याच्यासकट जन्माला आलं.

हे लिहिलं तेवढं सोपं नव्हतं. सुरुवातीला मी एक मोठी चूक करत होतो. आराम म्हणजे नरम, असं मला वाटायचं. बोरी अरबचा एक जीपवाला होता. त्याच्या स्टिअरिंगवर मी जाडजूड फोम घालून दिला. आठ दिवसांनी तो परत आला.

"परसूभाऊ, हे काय करून ठेवलं? हात झोपते माह्ये."

"काहून? नरम नाही झालं का?"

"नरमच झालं ना! गाडी कुठं चालून राह्यली तेच हाताले समजत नाही. खड्डा येते तं पहिले बुडाले समजते, मंग हाताले."

त्या दिवशी मी तो सगळा फोम त्याच्यासमोर कापून काढला. रस्ता हाताला कळला पाहिजे, फक्त तो बोचता कामा नये. आणि प्रत्येकाची मूठ वेगळी. एकाला बसणारी जाडी दुसऱ्याला जड जाते. पण मूठ मोजायची कशी? टेप लावला तर माणूस हात ताठ करतो. फोटो काढायला गेल्यावर चेहरा करतो, तसं.

याचं उत्तर मला रोडग्यांच्या जेवणात मिळालं. आमच्या एका नातेवाइकाच्या वावरात पंगत होती. बायका कणकेचे गोळे वळून गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांवर, टाकत होत्या. मी राखेतून एक रोडगा उचलला, झटकला आणि बघत बसलो. त्यावर चार बोटं उमटली होती. दुसऱ्यावर वेगळी चार बोटं. मी माझ्या बायकोचा रोडगा पन्नासांतून ओळखून काढला आणि तिला दाखवला. ती म्हणाली, "जेवा आता, रोडगे का वाचून राह्यले?" पण मी वाचतच होतो.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात घट्ट कणीक मळू लागलो. तीत थोडं मीठ, थोडं तेल. मोडक्या स्टिअरिंगच्या तुकड्यांवर ती लपेटायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, धरा, आणि रस्ता डोळ्यांसमोर आणा. लोक हसायचे. हसता हसता बोलायला लागायचे, बोलता बोलता विसरायचे, आणि विसरले की हात खरं बोलायचा. याला मी 'मूठ घेणं' म्हणायचो. ठसा वाळला की त्याच्यावरून जाडी काढायची, कुठे थोडं भरायचं, कुठे थोडं घासायचं ते ठरवायचं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या वाळलेल्या मुठी बघत पडून राहायचो. उन्हानं टीन कडकड वाजायचं, कापसाच्या दिवसांत कुठून तरी एखादा पुंजका तरंगत आत यायचा, आणि फळीवर सगळ्या अदृश्य माणसांचे हात मांडलेले असायचे. एका बसवाल्याचे अंगठे इतके खोल गेले होते की खालचं लोखंड दिसत होतं. मी विचारलं, "कधी ब्रेक फेल झालता का?" तो स्टुलावर टेकला. मग चहा आला, तो प्याला, आणि सगळं सांगितलं. बाभुळगावचा एक सोयाबीनवाला नुसत्या दोन बोटांनी धरायचा, विडी धरल्यासारखा. त्याला मी हात जोडले आणि म्हटलं, दादा, तुमच्या गाडीत मी बसणार नाही.

भाऊसाहेब आले ते अशाच एका उन्हाळ्यात.

भाऊसाहेब म्हणजे सरकारी कचेरीतले जुने कारकून. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं साहेबाच्या गाडीचं लॉगबुक होतं. गाडी कुठे गेली, किती चालली, तेल किती प्यायली, सगळं त्यांच्या अक्षरात. गाडी पांढरी अँबेसिडर. तिच्यात बसायची संधी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. गाडी भंगारात निघाली, लिलाव झाला, आणि भाऊसाहेबांनी ती घेतली. टपावर लाल दिव्याचं भोक होतं, ते त्यांनी नुसतं बुजवून घेतलं. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी ते आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाभुळगावपर्यंत जायचे. तिथे काही काम नसायचं. एका हॉटेलात चहा घ्यायचा आणि परत यायचं. बाई शाळेत शिक्षिका होत्या आणि अजूनही बाजारहाट स्कूटीवर करायच्या.

"परसू, स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं होतं रे," भाऊसाहेब म्हणाले. "जरा धरायला बरं कर."

मी मूठ घेतली. त्यांनी कणकेवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि बाभुळगावचा रस्ता सांगायला लागले. कुठे बाभळी आहेत, कुठे रस्त्यावर तूर वाळत घालतात, कुठे सकाळचं धुकं खाली उतरून येतं. मी ऐकत बसलो. त्यांचा आवाज असा लागला होता की मलाही गाडीत बसल्यासारखं वाटलं. मग त्यांनी हात काढले. उजवीकडे पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. डावीकडे अंगठा, जेमतेम पहिलं बोट, आणि पुढे काही नाही. तीन बोटांच्या जागी कणीक नुसती कोमट झाली होती.

"भाऊसाहेब, डाव्या हाताले काय झालं?"

"काही नाही. थंडीनं आखडतो."

बाहेर पारा मेचा होता. मी दाराबाहेर पाहिलं. ते स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "मानेतली शीर दबली आहे. कुणाला सांगू नकोस. पुण्याचा मुलगा टपूनच बसला आहे गाडी विकायला. तू अशी मूठ कर की हात सुटला तरी सुटल्यासारखा वाटणार नाही."

हे मला करता आलं असतं. डाव्या बाजूला थोडा जाड थर, खाली अंगठ्याला टेकायला एक उंचवटा, आणि निर्जीव हात तिथे लोंबत राहिला असता. कुणाला कळलं नसतं. माझ्या हयातीतलं ते सगळ्यात हुशारीचं काम झालं असतं, हे त्याच क्षणी मला दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले. मी मान डोलावली. गाडी शेडमध्ये ठेवून ते रिक्षानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाई स्कूटीवर आल्या. गाडीत त्यांचा चष्मा राहिला होता. तो त्यांनी घेतला, पर्समध्ये टाकला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"परसरामभाऊ, त्यांच्या हाताचं तुम्हाला काय दिसलं?"

"बाई, ते मले नाही सांगता येत."

"नका सांगू." त्या स्टुलावर बसल्या. "गेल्या रविवारी समोरून कापसाचा ट्रक आला. गाडी त्याच्याकडे ओढली जात होती. मी शेजारून हात घालून स्टिअरिंग धरलं. त्यांना वाटलं, त्यांनीच गाडी सावरली. घरी येईपर्यंत ट्रकवाल्याला शिव्या देत होते. मी काहीच बोलले नाही. किती रविवार असं धरायचं हो?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी परातीतली कणीक घेतली, तुकड्यावर लपेटली आणि त्यांच्यापुढे केली. "बाई, हे पकडा बरं जरा."

"कशाला?"

"असंच. तुम्हाले गाडी येते का?"

"येते ना. ही आली तेव्हा दोघंही शिकलो. लायसन आहे, स्कूटीबरोबर त्याचीही मुदत वाढवून घेते दर वेळी." त्या हसल्या. "पण गाडी त्यांची. मी कधी मागितली नाही, त्यांनी कधी दिली नाही."

बोलता बोलता त्यांनी हात काढले. दहा बोटं, एकसारखी. ना भीती, ना घाई. इतकी शांत मूठ माझ्या फळीवर तोवर आली नव्हती.

पुढचे चार दिवस ती गाडी माझ्याकडे बिनस्टिअरिंगची उभी होती. दुपारी मी तिच्यात जाऊन बसायचो. आतल्या जुन्या रेक्झिनला, धुळीला आणि कुणाच्या तरी अत्तराला मिळून एक वास होता. एका दुपारी डोळा लागला. मला दिसलं, गाडी बाभुळगावच्या रस्त्यानं आपली आपण चालली आहे, अगदी हळू, बाभळींवरची पिवळी फुलं टपावर पडताहेत, शेतातली माणसं हात करताहेत, आणि मी धरायला जातो तर समोर चाकच नाही. भीती वाटायला हवी होती, पण मला सुख वाटत होतं. तेच भीतीदायक होतं. जागा झालो तेव्हा माझे दोन्ही हात हवेत मुठी करून थांबले होते.

फळीवर दोन ठसे शेजारी शेजारी वाळत होते. मी बाईंचा उचलला आणि कामाला लागलो.

इतकं मन लावून मी कधी शिवलं नसेल. बाईंचे हात लहान, म्हणून कडा फार जाड केली नाही. त्यांचा अंगठा जिथे टेकत होता तिथे कातडं जरा पातळ तासलं. तळव्याच्या जागी बारीक भोकं पाडली, घाम सुटू नये म्हणून. शिवण आत. भाऊसाहेबांसाठी त्यात काहीही नव्हतं.

गाडी न्यायला दोघं आले. भाऊसाहेबांनी आधी बाहेरून स्टिअरिंग पाहिलं आणि खूश झाले. मग आत बसले. दोन्ही हात ठेवले. उजवा हात थांबला. डावा हात मात्र काहीतरी शोधायला लागला, खाली सरकला, वर आला, परत खाली गेला. माणूस अंधारात दाराची कडी चाचपतो, तसा तो हात फिरत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"परसू," ते म्हणाले, "हे माझं माप नाही."

"गोळा बदलला, भाऊसाहेब. फळीवर दोन होते. चूक झाली माह्याकडून."

"मग दुसरं कर."

"कातडं संपलं हो. नागपूरहून आणा लागन. महिना तं लागनच."

ते माझ्याकडे बघत राहिले. कचेरीत त्यांनी हजार माणसांची खोटी कारणं ऐकली असतील. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी बघू का जरा?" भाऊसाहेब उतरले. बाई बसल्या, पदर खोचला, हात ठेवले. हात बसले. एक सुस्कारा टाकल्यासारखं त्यांचं सगळं अंग खाली आलं. भाऊसाहेब बाहेर उभे होते, उघड्या काचेवर उजवा हात ठेवून. बराच वेळ त्यांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. मग पलीकडून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि तोंड खिडकीकडे केलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाईंनी गाडी सुरू केली, एक गचका बसला, दुसरा बसला, आणि मग ती आर्णी रोडला लागली.

महिना झाला, दोन झाले. भाऊसाहेब माप बदलायला आले नाहीत. माझा पुतण्या बाभुळगावला असतो. त्यानं सांगितलं, रविवारी गाडी येते, बाई चालवतात, भाऊसाहेब बशीतून चहा पितात आणि कुणाशी बोलत नाहीत. रस्त्यावरची माणसं वाचली, हे मला कळत होतं. पण झोप लागायच्या आधी तो शोधणारा हात रोज माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मी त्यांना सरळ म्हणायला हवं होतं, भाऊसाहेब, आता तुम्ही चालवू नका. ते चिडले असते, मला शिव्या दिल्या असत्या, पण ती दोन माणसांमधली गोष्ट झाली असती. त्याऐवजी मी कातड्याकडून वदवून घेतलं. त्यांनी विश्वासानं दिलेली मूठ मी फळीवर ठेवून दिली आणि वर चूक झाली म्हणालो. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या चुका पुष्कळ झाल्या. ही चूक नव्हती, आणि तिलाच मी चूक म्हणालो, याची मला लाज वाटत राहिली. बायकोलाही सांगितलं नाही.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी दुकान उघडत होतो. समोरून भाऊसाहेब पायी येताना दिसले. उजव्या हातात एक नवी काठी होती, नुसती सरळ, वरचं टोक बोडकं. घरापासून चालत आले होते, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी स्टूल पुसून दिलं. ते बसले. मी पाणी दिलं, ते सगळं प्याले आणि पेला खाली ठेवला. ते फळीवरच्या ठशांकडे बघत होते.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "मले तुम्हाले एक सांगायचं होतं."

"आधी कणीक मळ," ते म्हणाले.

मी परात घेतली. मीठ टाकलं, तेल टाकलं. काठीच्या बोडक्या टोकावर मी गोळा लपेटला आणि त्यांच्या उजव्या हातापुढे धरला. त्यांनी मान हलवली.

"डॉक्टर म्हणतात उजव्या हातात धरा. पण उजव्याला पुष्कळ कामं आहेत. याला काहीतरी धरायला पाहिजे ना."

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला, कणकेवर ठेवला, आणि ती तीन बोटं एकेक करून त्याच हातानं मिटवली. मग डोळे मिटून घेतले.

"घे मूठ, परसू," ते म्हणाले. "आणि या खेपेला गोळा बदलू नकोस."